जंगलातले ज्यू पार्टिझन : कथा-सिनेमात बंदूकवालेच का उरतात?

पानगळ

'डिफायन्स' परत पाहिला. २००८ चा, डॅनियल क्रेगचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेलारूसमधल्या नोवोग्रुदोकजवळच्या एका खेड्यात गिरणी चालवणारं ज्यू कुटुंब, त्यातले बिएल्स्की भाऊ, तुविया, झूस, असाएल आणि धाकटा आरोन. १९४१ च्या डिसेंबरात नाझींनी आईवडिलांना मारलं, हे जंगलात शिरले, पार्टिझन म्हणजे लपून लढणारे गनिम झाले, आणि घेट्टोतून, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्त्यांतून, जो कोणी पळून येईल त्याला सामावून घेत घेत जंगलात अख्खं गावच वसलं. १९४४ च्या उन्हाळ्यात रेड आर्मी, म्हणजे सोव्हिएत फौज, आली तेव्हा या गावातून बाराशेच्या वर माणसं जिवंत बाहेर पडली. त्यातल्या बंदूकवाल्यांची संख्या बरीच कमी, बाकी सगळे म्हातारेकोतारे, बायका, पोरं, शिंपी, चांभार.

आता सिनेमात काय आहे? भावाभावांचं भांडण, गोळीबार, पांढऱ्या घोड्यावर बसलेला क्रेग आणि शेवटी रणगाड्याशी लढाई. ही लढाई रचलेली आहे. १९४३ च्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी नालिबोकी जंगलाला वेढा घातला तेव्हा खऱ्या बिएल्स्कींनी लढाई टाळली होती, पोरांना खांद्यावर घेऊन शेकडो माणसं दलदलीतून चालत गेली आणि आतल्या एका कोरड्या उंचवट्यावर उपाशीपोटी लपून राहिली. मला विचाराल तर रणगाडा फोडण्यापेक्षा हे कितीतरी अवघड.

तर माझा प्रश्न असा की ज्यू पार्टिझनांवरच्या कथा-कादंबऱ्या-सिनेमांत ज्यांनी बंदूक उचलली नाही ती माणसं कुठे जातात? एखाद्या लेखकाने त्यांना खरंच जागा दिली आहे का? नावं सुचवा आणि भांडायचं असेल तर भांडा.

रविवारची_मिसळ

पानगळताई, सिनेमा आहे हो, इतिहासाचा पेपर नाही. दोन तास दलदलीतून चालणारी माणसं दाखवली असती तर इंटरव्हलला निम्मं थिएटर रिकामं झालं असतं. मला तो रणगाड्याचा सीन जाम आवडला. झूस ऐन वेळेला परत येतो तेव्हा मी घरात एकटा असून टाळ्या वाजवल्या होत्या.

वाचनवेडी

प्रीमो लेवीची 'इफ नॉट नाऊ, व्हेन?' वाचा. इटालियनमध्ये १९८२ साली आली, त्याच वर्षी कम्पिएल्लो आणि व्हियारेज्जो ही दोन्ही मोठी पारितोषिकं मिळाली. लेवी म्हटलं की लोकांना ऑशविट्झच्या आठवणीच आठवतात, ही मात्र त्याची सरळसरळ कादंबरी.

नायक मेंडेल, घड्याळं दुरुस्त करणारा, रेड आर्मीत तोफखान्यावर होता आणि आपल्या तुकडीपासून तुटलाय. बायको रिव्के गावच्या सामूहिक खड्ड्यात गेली. जुलै १९४३ मध्ये त्याला जंगलात लेओनिद भेटतो आणि दोघं चालायला लागतात. तुम्ही विचारताय ते पहिल्या भागातच आहे. दलदलीच्या मधोमध एका पडक्या मठात पळून आलेल्या ज्यूंची वस्ती आहे, नोवोसेल्की नावाची, तिथे म्हातारे आहेत, आजारी आहेत, आणि सगळी चर्चा शत्रूची कमी आणि मीठ कुठून आणायचं याची जास्त. मग गेदालेची टोळी येते, हा गेदाले व्हायोलिन वाजवतो, आणि हे सगळे पोलंड-जर्मनी ओलांडत १९४५ च्या ऑगस्टमध्ये मिलानला पोचतात.

मेंडेलला बंदूक चालवता येते पण त्याचं मन कायम दुरुस्तीत असतं. एखादी वस्तू बिघडलेली दिसली की हात शिवशिवतात. लेवी स्वतः केमिस्ट होता, हाताने काम करणाऱ्या माणसाबद्दल त्याला जी माया आहे ती पानोपानी दिसते.

शेवटचा_बाक

पानगळ, प्रश्न चांगला आहे पण बंदूकवाल्यांवर थोडा अन्याय होतोय असं वाटतं. बंदूक का पुढे आली ते बघा.

युद्ध संपल्यावर वर्षानुवर्षं वाचलेल्या लोकांना एकच प्रश्न विचारला गेला, तुम्ही प्रतिकार का केला नाहीत? मेंढरांसारखे गेलात, असं तोंडावर म्हणायचे. ती उपमा तशी जुनी, बायबलातली, पण या संदर्भात गाजली ती विल्नाच्या (आजचं लिथुआनियातलं विल्निअस) घेट्टोतून. १९४१ च्या अखेरच्या रात्री तरुणांच्या गुप्त बैठकीत अब्बा कोवनेरने जाहीरनामा वाचला की आपण कत्तलीला मेंढरांसारखं जायचं नाही. तो उठावाची हाक देत होता, नंतर तेच शब्द मेलेल्यांना दोष द्यायला वापरले गेले. अशा वेळी कोणी वॉर्सा घेट्टोच्या उठावावर कादंबरी लिहिली, लिऑन युरिसची 'मिला १८' १९६१ ची आहे, तर त्यात बंदूक ठळक असणारच. वाचकाला ती हवी होती, आणि वाचलेल्यांनाही. वॉर्सात १९ एप्रिल १९४३ ला सुरू झालेला उठाव जवळजवळ महिनाभर चालला, हातात पिस्तुलं, घरी केलेले बाँब, थोड्या रायफली आणि समोर एसएस, नाझींची खास सशस्त्र फौज. ते धाडस सांगायला नको का?

पानगळ

सांगायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच की तेवढंच सांगितलं की मग ज्याच्या हातात पिस्तूल नव्हतं तो परत मेंढरू ठरतो. म्हणजे आरोप तसाच राहतो, फक्त काही जणांना त्यातून सूट मिळते.

शेवटचा_बाक

हे पटलं. पुढे बोला.

ग्रोदनो_रिटर्न

धागा वाचून राहवलं नाही. मी बेलारूसमध्ये ग्रोदनोला मेडिकलला होतो, महाराष्ट्रातली बरीच पोरं असतात तिथे. सुट्टीत रशियन शिकवणाऱ्या बाईंबरोबर नोवोग्रुदोकला गेलो होतो. घेट्टो होता त्या जागेवर छोटं म्युझियम आहे. तिथले शेवटचे उरलेले ज्यू कारागीर, त्यांनी बराकीखालून साधारण २०० मीटर लांब बोगदा खणला आणि १९४३ च्या सप्टेंबरअखेर एका रात्री जवळजवळ अडीचशे माणसं त्यातून सरपटत बाहेर पडली. सगळी वाचली नाहीत, पण बरीच जण बिएल्स्कींच्या कॅम्पात पोचली. उकरलेली माती माळ्यावर, भिंतींच्या पोकळीत लपवायची. सुतार, इलेक्ट्रिशियन, शिंपी अशा लोकांनी केलंय हे, सैनिक नव्हेत. यावर अजून तोडीची कादंबरी का नाही?

आणि जंगलाबद्दल. सिनेमात लाकडी झोपड्या दिसतात, प्रत्यक्षात ज़ेमल्यांका असायची. एक आम्ही आत जाऊन पाहिली, नंतर बांधलेली प्रतिकृती होती ती. जमिनीत छातीएवढा खड्डा, बाजूने ओंडके, वर ओंडक्यांचंच छप्पर आणि त्यावर माती आणि फांद्या, त्यामुळे दहा पावलांवरून नुसता उंचवटा दिसतो. आत दोन्ही बाजूंना फळ्यांची सलग बाकं, त्यावर रांगेने झोपायचं, एकाने कूस बदलली की रांगेने बदलायची. मधे शेगडी, पण धूर दिवसा दिसला तर विमान येणार म्हणून चूल रात्रीच पेटवायची. बाहेर उणे वीस. आमच्या हॉस्टेलला हीटिंग असून आम्ही रडायचो. ओल, उवा आणि टायफस, डॉक्टरच्या नजरेने बघितलं तर तिथे दोन हिवाळे काढून एवढी माणसं जगली हाच मोठा पराक्रम.

आजीचीगोधडी

ग्रोदनो, काय लिहिलंय! त्या कॅम्पाबद्दल अजून सांगा ना.

ग्रोदनो_रिटर्न

मोठा कॅम्प नालिबोकीत उभा राहिला तेव्हा लोक त्याला जेरुसलेम म्हणायचे. बेकरी, गिरणी, दवाखाना, न्हाणीघर, कातडी कमावायची जागा, चांभारांची नि शिंप्यांची वर्कशॉप, बंदुका दुरुस्त करणारे, सगळं. आजूबाजूच्या सोव्हिएत पार्टिझन तुकड्या आपले बूट, खोगिरं, रायफली इथे दुरुस्तीला आणायच्या आणि बदल्यात धान्य नि गोळ्या द्यायच्या. म्हणजे सोव्हिएत कमांडरांना ज्या म्हाताऱ्या चांभाराचं ओझं वाटत होतं त्यानेच कॅम्प टिकवून धरला. तुवियाचं म्हणणं होतं की दहा जर्मन मारण्यापेक्षा एक म्हातारी ज्यू बाई वाचवणं मला जास्त महत्त्वाचं.

रविवारची_मिसळ

हे मात्र सिनेमात यायला हवं होतं. चांभारांच्या जिवावर चाललेलं जंगलातलं गाव, मी तिकीट काढून बघेन.

तिसरा_डोळा

सगळे भारावलेत म्हणून एक गोष्ट विचारतो. बाराशे माणसं खात काय होती? जंगलात बेकरी चालवायची तर पीठ गावातून येणार. आणि गावकरी काही हसत हसत देत नव्हते, त्यांच्याकडून दिवसा जर्मन न्यायचे, रात्री पार्टिझन न्यायचे. शेतकऱ्याची शेवटची गाय नेली तर त्याच्या दृष्टीने पार्टिझन आणि दरोडेखोर यात फरक काय? 'डिफायन्स' आला तेव्हा पोलंडमध्ये वाद झाला होता तो यावरूनच. नालिबोकी गावात मे १९४३ मध्ये सोव्हिएत पार्टिझनांनी शंभरावर गावकरी मारले होते.

शेवटचा_बाक

त्या हत्याकांडात बिएल्स्कींचा सहभाग सिद्ध झालेला नाही. हे सांगितल्याशिवाय ते वाक्य तसंच सोडू नका, वाचणाऱ्याचा गैरसमज होतो.

तिसरा_डोळा

सिद्ध झालेला नाही, मान्य, आणि मी तसं म्हटलेलंही नाही. माझा मुद्दा अन्नाचा आहे. गनिमी काव्याचं पहिलं सूत्र म्हणजे रयत तुमच्या बाजूने हवी. इथे रयत बाजूने नव्हती. गावातला एखादा माणूस मिठाच्या पुड्यासाठी तुम्हाला जर्मनांच्या हवाली करू शकत होता, आणि पोलिश किंवा बेलारूशियन पार्टिझन जसा चार दिवस आपल्या मामाच्या घरी लपायचा तसं घर ज्यू पार्टिझनाला नव्हतंच, त्याचं सगळं गाव खड्ड्यात. त्यात काही सोव्हिएत तुकड्यांमध्ये ज्यूंबद्दल उघड द्वेष, शस्त्राशिवाय आलेल्याला हाकलून द्यायचे. म्हणून अन्न हिसकावणं भाग होतं. चांगल्या लेखकाने ते दाखवावं. शेतकऱ्याचा चेहराही दाखवावा, त्याच्या घरातली पोरंही उपाशी होती. 'डिफायन्स'मध्ये एकदोन प्रसंग आहेत, पण पटकन पुढे जातो.

वाचनवेडी

तिसरा_डोळा, म्हणूनच मी लेवीचं नाव घेतलं. लेवी स्वतः काही दिवस पार्टिझन होता, उत्तर इटलीत आओस्ताच्या डोंगरात, डिसेंबर १९४३ मध्ये पकडला गेला आणि पुढे ऑशविट्झ. त्याच्या 'पिरिऑडिक टेबल'मध्ये 'सोनं' या प्रकरणात अगदी मोजक्या ओळी आहेत, की पकडले जायच्या आधी आमच्या टोळीला आमच्यातल्याच दोघांना शिक्षा द्यावी लागली होती आणि त्यानंतर आमच्यात लढायची, कदाचित जगायचीही उमेद उरली नव्हती. बस, तेवढंच. पुढे स्पष्टीकरण नाही, बचाव नाही. हा माणूस सत्तरीच्या दशकात ते लिहितो आणि मग काही वर्षांनी पार्टिझनांवर कादंबरी लिहायला घेतो. त्याच्या मेंडेलला प्रत्येक गोळी जड का वाटते ते तिथे कळतं.

आजीचीगोधडी

बायकांबद्दल कोणीच बोललं नाही अजून. 'डिफायन्स' ज्या पुस्तकावर आहे ते नेखामा टेक या समाजशास्त्रज्ञ बाईंचं, १९९३ चं. टेक स्वतः लहानपणी पोलंडमध्ये खोट्या नावाखाली लपून वाचलेल्या. त्यांनी लिहिलंय की जंगलात एकट्या बाईला जगायला पुरुषाचा आधार लागायचा, शहरात शिकलेल्या मुली जंगलात माहीतगार असलेल्या, फारसं न शिकलेल्या मुलांबरोबर राहायच्या. त्यात प्रेम कधी होतं, कधी नुसतं संरक्षण, कधी दोन्ही. काहींचे संसार पुढे पन्नास-पन्नास वर्षं टिकले. सिनेमात याची गोड प्रेमकथा झालीये, बर्फात लग्न वगैरे.

लेवीच्या कादंबरीतली लीने मला त्यामानाने खरी वाटली. बंदूक चालवते, कोणाची होऊन राहत नाही, आणि त्याची किंमत मोजते.

आणि कादंबरी नसली तरी फाये शूलमनचं नाव घ्यायलाच हवं. लेनिन नावाच्या गावातली फोटोग्राफर मुलगी. ऑगस्ट १९४२ मध्ये गावातल्या ज्यूंना मारलं, हिला जिवंत ठेवलं कारण जर्मनांना फोटो काढून हवे होते. डेव्हलप करायला आलेल्या फोटोंत तिला तो खड्डा दिसला. पळून पार्टिझनांना मिळाली, नर्स म्हणून काम केलं, आणि कॅमेरा परत मिळवून जंगलातले फोटो काढले. बिबट्याच्या ठिपक्यांचा कोट आणि हातात रायफल असा तिचा फोटो आहे, एकदा बघाच. पार्टिझनांचा अंत्यविधी, ऑपरेशन, सगळं तिच्यामुळे आपल्याला दिसतं.

ग्रोदनो_रिटर्न

गोधडीताई, मिन्स्कमधली माशा ब्रुस्किनाही. सतरा वर्षांची ज्यू मुलगी, जखमी रेड आर्मी सैनिकांना पळून जायला मदत केली म्हणून ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मनांनी भर रस्त्यात फासावर दिली. फाशीच्या आधीचा फोटो जगभर छापला गेला. तरी सोव्हिएत काळात तिची ओळख 'अज्ञात मुलगी' एवढीच. तिच्याबरोबर फासावर दिलेल्या बाकी दोघांची नावं होती, हिचं नाव नाही. ओळखणारे लोक होते, साक्षी होत्या, तरी नाव लागायला कित्येक दशकं गेली. खड्ड्यांवरच्या स्मारकांवरही ज्यू हा शब्द टाळायचे, 'शांततामय सोव्हिएत नागरिक' लिहायचे. पानगळ विचारतात माणसं कुठे जातात, तर तिथे बंदूकवालेसुद्धा गायब केले गेले.

रविवारची_मिसळ

जरा वेगळा सूर. 'इनग्लोरियस बास्टर्ड्स' कोणाला आवडतो? मला प्रचंड आवडतो. एकदा तरी पडद्यावर हिटलर जळत्या थिएटरात गोळ्या खाताना दिसला की बरं वाटतं राव.

चष्मिश

बरं वाटतं हे खरं, पण ती इच्छापूर्ती झाली. सूडाचा खरा इतिहास बघितला तर बरं वाटत नाही. वर ज्या कोवनेरचं नाव आलं तोच युद्धानंतर सूडाच्या गुप्त टोळीचा म्होरक्या होता. एप्रिल १९४६ मध्ये न्यूरेंबर्गजवळच्या छावणीत एसएस कैद्यांसाठीच्या पावांना त्यांच्या लोकांनी आर्सेनिक फासलं. जवळजवळ तीन हजार पाव. माणसं आजारी पडली, कोणी मेल्याची नोंद नाही. आधीची योजना तर जर्मन शहराच्या पाण्यात विष कालवायची होती. २०२१ चा 'प्लॅन ए' सिनेमा यावर आहे. बघताना तुम्ही टाळ्या वाजवणार नाही हे नक्की.

वाचनवेडी

लेवीतही सूडाचा प्रसंग आहे. (पुढे रहस्यभेद आहे, वाचायची असेल तर ही पोस्ट सोडा.) युद्ध संपत आलंय, टोळी जर्मनीतल्या एका गावातून जातेय आणि एका घरातून गोळी येते, त्यांच्यातली मुलगी मरते. रात्री हे टाऊन हॉलवर हल्ला करतात. लेवी तो हल्ला अगदी भराभर, कोरडेपणाने उरकतो. वाचताना जोर येत नाही. आणि नंतर मेंडेलच्या मनात येतं की रक्ताने रक्ताचा हिशोब मिटत नाही. जंगलभर सोबत असलेल्या वाचकाला टोळीचा राग पूर्ण समजलेला असतो, तरी तिथे थांबायला होतं.

चष्मिश

नाटकाचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितो. योशुआ सोबोलचं 'घेट्टो', १९८४, हैफा. विल्ना घेट्टोत खरंच थिएटर चालायचं. सुरुवातीला लोकांनी विरोध केला, स्मशानात नाटक करत नाहीत असं म्हणाले, आणि मग तेच लोक तिकिटं काढून यायला लागले. घेट्टोचा ज्यू प्रमुख याकोब गेन्स, तो हिशोब करत राहतो की इतकी माणसं दिली तर तितकी वाचतील. पार्टिझन संघटना त्याच घेट्टोत तळघरात शस्त्रं जमवतेय.

यात खरी कोंडी अशी की तुम्ही जंगलात गेलात तर मागे राहिलेल्यांना शिक्षा होते. जुलै १९४३ मध्ये एक गट घेट्टोतून जंगलाकडे निघाला, वाटेत त्यांच्यावर छापा पडला, आणि मग जर्मनांनी गेलेल्यांची घरची माणसं उचलून मारली. त्याच्या काही दिवस आधी पार्टिझनांचा कमांडर इत्झिक व्हिटेनबर्ग स्वतःहून शत्रूच्या ताब्यात गेला, कारण तो हजर झाला नाही तर सगळा घेट्टो संपवू अशी धमकी होती आणि घेट्टोतलेच लोक रस्त्यावर येऊन त्याला शोधत होते. ज्यांच्यासाठी लढायचं तेच तुम्हाला धरून द्यायला निघालेत, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही, त्यांना आपली पोरं दिसत होती. बंदूक न उचललेली माणसं इथे पार्श्वभूमीला नाहीत, त्यांच्यामुळेच पेच आहे. हे मराठीत प्रायोगिकवाल्यांनी करायला हवं, गाणी आहेत, मोठा संच लागतो, पण जमेल.

रविवारची_मिसळ

मोठा संच म्हटलात तिथेच निर्माता पळाला.

शेवटचा_बाक

चष्मिश, व्हिटेनबर्गचं आधी ऐकलं होतं पण असं समोर ठेवलेलं पहिल्यांदा वाचलं. मी वर बंदुकीची बाजू घेतली ती सोडत नाही. पण कोवनेर आणि त्याच्या लोकांनी घेट्टो सोडून गटारातून रुदनिकी जंगलाकडे जाताना आया मागे ठेवल्या, त्याची बोचणी त्या लोकांनी जन्मभर बोलून दाखवली. शौर्यकथेत ती बोचणी येत नाही, ही तुमची तक्रार असेल तर माझीही तीच आहे.

वाचनवेडी

आणखी एक नाव राहिलं, पानगळच्या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात जवळचं उत्तर. आहारोन अपेलफेल्डची 'टू द एज ऑफ सॉरो'. हिब्रूत २०१२ ला आली, इंग्रजीत २०२० ला, लेखक गेल्यावर. अपेलफेल्ड लहान असताना छावणीतून पळाला आणि एकटा युक्रेनच्या जंगलांत भटकत राहिला, त्यामुळे जंगल त्याला ऐकीव नाही.

गोष्ट सांगणारा एडमंड सतरा वर्षांचा. टोळीचा कमांडर कामिल. ते छावण्यांकडे जाणाऱ्या गाड्या अडवून माणसं सोडवतात, पण पानं भरली आहेत ती इतर गोष्टींनी. टोळीबरोबर त्सिर्ल नावाची फार म्हातारी आजी आहे, एक दोन वर्षांचं पोर आहे, मिलिओ, जे बोलतच नाही आणि सगळे त्याच्या पहिल्या शब्दाची वाट बघतात. छापा घालायला गेले की रिकाम्या ज्यू घरांतून पीठ-मिठाबरोबर पुस्तकंही उचलून आणतात आणि रात्री बसून वाचतात. कामिलचा आग्रह असतो की नुसतं जिवंत राहून भागणार नाही, माणूस म्हणून राहायचं. आणि टोळीतले काही जण कुरकुरतात की पुस्तकांचं ओझं कशाला. मला ती कुरकुर फार आवडली, खरी वाटली.

संथ आहे, आधीच सांगते. गोळीबार शोधत गेलात तर कंटाळाल.

तिसरा_डोळा

त्यात शेतकरी आहेत का?

वाचनवेडी

आहेत, घाबरलेले, चिडलेले, काही मदत करणारेही. पण टोळीच्या नजरेतूनच दिसतात. तुम्हाला हवा तसा शेतकऱ्याच्या घरात बसून लिहिलेला भाग नाही.

पानगळ

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. उत्तर निम्मं मिळालंय असं मी धरते. अपेलफेल्ड मागवलं, 'घेट्टो'ची संहिता शोधतेय. लेवीची माझ्याकडे आहे, अर्धी झालीये, म्हणून वाचनवेडीची रहस्यभेदाची पोस्ट डोळे मिटून ओलांडली.

उरलेलं निम्मं ग्रोदनोच्या बोगद्यात आणि त्या वर्कशॉपमध्ये आहे. सोव्हिएत सैनिकाच्या बुटाला तळ लावणारा चांभार, त्याला माहीत आहे की हा तळ नीट बसला तर आज पोराला पीठ मिळेल, अशा माणसाच्या नजरेतून लिहिलेली कादंबरी कुणाला कुठल्याही भाषेत दिसली तर इथे टाका. यिडिश किंवा हिब्रूतून भाषांतरित असेल तर फारच उत्तम. धागा मी बघत राहीन.

ग्रोदनो_रिटर्न

आमच्या रशियनच्या बाईंना विचारतो, त्या अजून व्हॉट्सॲपवर आहेत. आणि मिसळ, 'डिफायन्स' बघितलायत तर आता टेकबाईंचं पुस्तकही वाचा. वर्कशॉपचं सगळं त्यात आहे, कोण काय शिवायचं, कातडं कुठून यायचं इथपर्यंत.

रविवारची_मिसळ

मागवलं सकाळीच.